घरबसल्या कामाचं ॲग्रीमेंट छापून घेण्याआधी
चोपड्यातल्या आमच्या झेरॉक्स व ऑनलाइन फॉर्म केंद्राकडून ग्राहकांसाठी

"भाऊ, याची एक प्रिंट द्या, सही करून परत पाठवायची आहे." मोबाइलवरची पीडीएफ पुढे करून असं सांगणारे बरेच जण काउंटरवर येतात. आधी आम्ही पानाचे दोन रुपये घ्यायचो आणि मोकळे व्हायचो, आत काय लिहिलंय ते बघत नव्हतो. मग त्यांच्यातलेच काही आठवडाभराने दुसरा कागद घेऊन यायला लागले, 'कोर्टाची नोटीस'. एक ताई तर प्रिंट हातात घेऊन तिथेच बसल्या, "भाऊ, मना पैसा गयात." तेव्हापासून आम्ही वाचतो आणि दोन प्रश्नही विचारतो. राग मानू नका.

हे काम असं चालतं. घरबसल्या टायपिंग, रोज दोन-तीन तास, महिन्याला वीस-पंचवीस हजार अशी जाहिरात येते. आधार, फोटो आणि करारावर सही मागतात. पाच-सहा दिवसांत शेकडो फॉर्म भरायचे, नव्वद टक्क्यांच्या वर बरोबर पाहिजेत. अक्षरं मुद्दाम पुसट ठेवलेली, वेबसाइट शेवटच्या दिवशी बंद. तुम्ही नापास होणार हे आधीच ठरलेलं असतं. मग 'कंपनीच्या वकिला'चा फोन येतो की करार मोडला, पाच-सात हजार भरा, नाहीतर पोलीस घरी येतील.

अशी एक नोटीस आम्ही नीट बघितली. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, पण शिक्क्यातली अक्षरं आडवी ताणलेली, दुसऱ्या कागदावरून कापून चिकटवल्यासारखी. केस नंबरच्या जागी मोबाइल नंबर. आणि पैसे कुणाच्या तरी यूपीआय आयडीवर! कुठलंही न्यायालय खासगी यूपीआयवर तडजोडीचे पैसे मागत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे फसवून सही घेतलेला करार तुम्ही नाकारू शकता. घाबरून पहिला हप्ता भरलात की दुसरा फोन येतोच.

टेलिग्रामवालं प्रकरण वेगळं. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला पाच तारे द्या, आणि खरंच शे-दीडशे रुपये खात्यात येतात. मग 'प्रीपेड टास्क': हजार भरा, तेराशे घ्या. तेही मिळतात. पाच हजार, वीस हजार झाले की पैसे अडकतात आणि ते सोडवायला 'टॅक्स' मागतात. ॲपमधला आकडा नुसता आकडाच असतो. ग्रुपमध्ये "मला मिळाले" म्हणणारेही त्यांचेच. केळीच्या व्यापाऱ्याने घड कापण्याआधी तुमच्याकडेच पैसे मागितले तर बागेत पाऊल ठेवू द्याल का? इथेही तोच हिशोब लावा.

पेन्सिल पॅकिंगची जाहिरात आली तर सोडून द्या. नोंदणी फी, कुरिअर, विमा असं मागत राहतात, पेन्सिली काही येत नाहीत. मात्र 'तुमचं खातं वापरू द्या, कमिशन देतो' याला फार जपा. त्या खात्यातून दुसऱ्याचे लुटलेले पैसे फिरतात. खातं गोठतं आणि चौकशीला तुम्हाला बोलावतात.

पैसे गेलेच असतील तर आमच्याकडे यायच्याही आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा. चोरांनी पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात नेलेले असतात. तक्रार वेळेत गेली तर वाटेत उरलेली रक्कम बँका रोखू शकतात. तासाभराचा उशीरही महागात पडतो. व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. बँकेलाही कळवा. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरायची.

लाजेपोटी चॅट पुसू नका. बरेच जण घरच्यांना दिसू नये म्हणून आधी तेच करतात आणि पुरावा जातो. स्क्रीनशॉट काढल्यावरच नंबर ब्लॉक करा. पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला, तर संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये कळवता येतं. पोलीस ठाण्यात हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी त्याच ठाण्यात घेतला जाणारा गुन्हा, नोंदवायला सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे. आणि 'फी द्या, पैसे परत मिळवून देतो' म्हणणारा भेटला तर तो त्याच टोळीतला समजा.

पोर्टलवर तक्रार भरून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही, प्रिंटचे तेवढे घेतो. बँक पासबुक, आधार आणि ज्या मोबाइलवर मेसेज आले तोच मोबाइल घेऊन या. ओटीपी तुम्हीच टाका, पिन आम्हालाही सांगू नका. चारचौघांत बोलायला अवघड वाटत असेल तर दुपारी दोन ते चार या, तेव्हा दुकानात गर्दी नसते.