उंदीर पडत नाहीत म्हणून

माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. तिने त्या तिच्या आईकडून ऐकलेल्या. आढ्यावरून उंदीर पडायला लागले की माणसं घराला कुलूप घालून, धान्याची पोती बैलगाडीत टाकून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधायला निघायची. ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द कानावर आले तरी पुरे, पुढचं कुणी विचारत नसे.

त्या पळण्यामागे शास्त्र होतं, फक्त ते सुरुवातीला कुणाला ठाऊक नव्हतं. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं, तेव्हा हा आजार पसरतो कसा यावर नुसते तर्क चालले होते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी प्रयोग करून दाखवलं की मधला दलाल पिसू आहे. प्लेगचे जिवाणू उंदरालाही मारतात. उंदराचं अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या भुकेल्या पिसवा नवं ऊबदार अंग शोधतात, आणि ते माणसाचं असतं. म्हणजे पडलेला उंदीर हा खरोखरच इशारा होता. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावीही तोच क्रम दिसला: आधी उंदीर मेले, मग पिसवांचा त्रास वाढला, मग गाठी आणि ताप.

आज आपल्या शहरांत उंदरांमुळे दर पावसाळ्यात माणसं दगावतात ती लेप्टोने, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसने. आणि लेप्टोचा उंदीर पडत नाही.

मला या आजाराची सगळ्यात जास्त भीती वाटते ती याच कारणाने. लेप्टोस्पायरा हा जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या आतल्या भिंतीवर थर करून राहतो. उंदराला त्याचा काही त्रास नाही. तो खातो, पिल्लं घालतो, गटाराच्या कडेने पळतो आणि जाईल तिथे लघवीतून जिवाणू सोडत राहतो, बहुधा जन्मभर. कुत्री, गुरं, डुकरंही हा जिवाणू बाळगतात, पण शहरात मोठा वाटा उंदरांचा आणि घुशींचा.

हा जिवाणू दिसतो कसा? स्क्रूसारखा पिळदार, जेमतेम ०.१ मायक्रोमीटर जाड, टोकाला आकडा. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतच नाही. १९०७ मध्ये अमेरिकेत आर्थर स्टिम्सन यांनी एका मृताच्या मूत्रपिंडाच्या ऊतीत तो पाहिला. तो माणूस पीतज्वराने गेला अशी समजूत होती. आकड्यामुळे जिवाणू स्टिम्सन यांना प्रश्नचिन्हासारखा वाटला, म्हणून त्यांनी त्याला ‘इंटेरोगॅन्स’, म्हणजे प्रश्न विचारणारा, असं नाव दिलं. ते नाव आजही कायम आहे.

कोरड्या जमिनीवर, कडक उन्हात हा जिवाणू लवकर मरतो. ओल्या चिखलात आणि साचलेल्या गोड्या पाण्यात मात्र आठवडेच्या आठवडे तग धरतो. आता परळच्या हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलंय असं डोळ्यासमोर आणा. गटार, नाला आणि रस्ता यांतला फरक संपलेला. घरी लवकर पोचायचं म्हणून पँट दुमडून तुम्ही पाण्यात उतरता. टाचेला नव्या चपलेने चावलेलं, अंगठ्याच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या. एवढी वाट त्याला पुरते. डोळ्यांत, नाकातोंडात उडालेलं पाणीही चालतं, आणि तासन् तास भिजून पांढरी पडलेली कातडीही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाणी ओसरलं, आणि ऑगस्टमध्ये लेप्टोची मोठी साथ आली.

साथ पुरासोबत येत नाही, पुरानंतर येते, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात, कधी महिनाही. तोवर पाण्यातून चालल्याचं माणूस विसरलेला असतो. थंडी वाजून ताप, डोकेदुखी, अंगदुखी. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत हे सगळं त्यातच खपून जातं. दोन खुणा मात्र नीट पाहाव्यात. पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देत नाही. आणि डोळे लाल होतात, पण त्यांना चिपडं येत नाहीत. बरेच रुग्ण यातून बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंडं बंद पडतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा काहीच दाखवत नाही, म्हणून संशय आला की अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात. औषधं साधी आहेत: डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन, सेफ्ट्रायाक्झोन. लवकर मिळाली तर माणूस वाचतो. तरीही जगात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना हा आजार होतो आणि त्यांतले ५९ हजारांच्या आसपास दगावतात, असा अंदाज आहे.

मग उंदीर मारून टाकावेत, हे कुणालाही सुचेल. मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक वर्षानुवर्षं तेच करत आलेत. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात काठी. उजेड डोळ्यांवर पडला की उंदीर क्षणभर थिजतो, तेवढ्यात फटका बसायला हवा. एकेकाने रात्रीत तीस उंदीर मारायचे आणि सकाळी मोजून द्यायचे. या माणसांच्या मेहनतीला मी कमी लेखणार नाही. पण मेलेल्या उंदरांच्या आकड्यावरून आजार किती हटला हे कळत नाही, आणि ते कळतं असं समजणं धोक्याचं आहे.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. गल्ल्यांमधले उंदीर जिवंत पकडून त्यांनी त्यांच्या तपासण्या केल्या, खूण करून सोडून दिलं. मग काही ठिकाणी सापळे लावून उंदीर मारले आणि उरलेल्यांची पुन्हा तपासणी केली. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला: जिथे उंदीर मारले, तिथे वाचलेल्या उंदरांत लेप्टोस्पायरा असण्याचं प्रमाण कमी होण्याऐवजी कितीतरी वाढलेलं दिसलं. उंदीर कुटुंबकबिल्याने राहतात. संशोधकांचा कयास असा की काही मेले की घडी विस्कटते, उरलेले नव्या जागी, नव्या सोबत्यांत मिसळतात, जागेसाठी भांडतात आणि जिवाणू त्यांच्यासोबत फिरतो.

उंदराला शहरात बांधून ठेवतं ते उघडं अन्न आणि उघडं गटार. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, त्यामुळे कचराकुंडी ओसंडत असेल तर मारलेल्यांची जागा भरायला वेळ लागत नाही. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात १९९६ साली लेप्टोच्या साथीत ३२६ गंभीर रुग्ण सापडले, त्यांतले सुमारे १५ टक्के दगावले. तिथल्या वस्त्यांत पुढे झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा एकच दिसलं: घर उघड्या गटाराच्या जितकं जवळ आणि उताराच्या जितकं तळाशी, तितका धोका जास्त. लेप्टोचा नकाशा काढला तर तो बराचसा गरिबीचा नकाशा निघतो. विषाच्या गोळ्यांवर होणाऱ्या खर्चातला काही भाग गटारं झाकण्यावर आणि कचरा रोजच्या रोज उचलण्यावर गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नाल्यात उतरणाऱ्या सफाई कामगाराला गमबूट आणि हातमोजे मिळाले का, हे तर कुणाला विचारावं लागू नये.

मुंबईत पाण्यातून चालून आलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. ते ऐका, पण गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना वेगळं औषध लागतं.

हे नुसतं शहराचं दुखणं नाही. सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत माणसं दिवस दिवस चिखलात उभी असतात, आणि तिथेही लेप्टोने माणसं नेली आहेत. ताप आला की ‘भिजलो म्हणून अंग धरलं’ असं म्हणत काढा पिऊन पडून राहायची रीत आहे. तसं पडून राहू नका. पोटऱ्या दाबून बघा, आरशात डोळे बघा, आणि दुसरा दिवस उजाडायची वाट न बघता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. ताप किती आहे ते डॉक्टर मोजतीलच. चिखलात किती दिवस उभे होता, ते आधी सांगा.