कोकणातील दृष्टिहीन मूल आणि निवासी शाळा: एक पार्श्वभूमी

कोकणातल्या अंध विद्यालयांचा विषय निघाला की चर्चा बहुधा अनुदान आणि पटसंख्या या दोन गोष्टींपाशीच घोटाळते. ही विद्यालये निवासीच का निघाली आणि त्यांचा कारभार शिक्षण खात्याऐवजी समाजकल्याणाकडे का गेला, याचा उलगडा करायचा तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते इथल्या दृष्टिहीन मुलांच्या शिक्षणाचा इतिहास अध्यापनपद्धतींपेक्षा वाटेचा आणि वसतिगृहाचा अधिक आहे.

भारतातील पहिली अंधशाळा अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी १८८७ साली अमृतसरला काढली. पुढे ती डेहराडूनजवळ हलली. मुंबईत माझगावला मूकबधिर मुलांसाठीची संस्था त्याआधीच, १८८०च्या दशकात, उभी राहिली होती. दृष्टिहीनांसाठी मात्र १९०० साल उजाडावे लागले. त्या सुमारास दुष्काळाने घरदार गमावलेली असंख्य मुले मिशनांच्या आश्रयाला आली, त्यांत काही आंधळीही होती, आणि त्यांच्यासाठी अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी वर्ग सुरू केला. आज ती शाळा कमला मेहता दादर अंधशाळा या नावाने ओळखली जाते. राणी व्हिक्टोरियाच्या निधनानंतर, १९०२ मध्ये, तिच्या स्मरणार्थ ताडदेवला दुसरी शाळा निघाली. या उगमाकडे नीट पाहिले पाहिजे. जी मुले आली त्यांना घरच उरले नव्हते, त्यामुळे जेवण, निवारा आणि शिक्षण एकाच छपराखाली देणे ही सोय नसून गरज होती. पुढे ज्यांचे आईवडील हयात होते अशा मुलांसाठीही तोच साचा कायम राहिला.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलाच्या दृष्टीने या दोन्ही शाळा समुद्रापलीकडच्या होत्या. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांतून मुंबईची बोट पकडायची, तीही बहुतेक ठिकाणी पडावातून खोल पाण्यात जाऊन. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे. शाळा जूनमध्ये उघडायच्या आणि नेमकी तेव्हाच बोट थांबायची, म्हणजे मूल पाठवायचे तर मे महिन्यातच पाठवायचे, नाहीतर घाट चढून लांबचा वळसा घ्यायचा. ज्याचा बाप गिरणीत होता आणि लालबाग-परळला खोली धरून होता, त्याच्या मुलाला शाळा निदान माहीत तरी होती. ज्याचे सगळे कुटुंब गावीच होते, त्याचे मूल ओटीवर बसून मोठे झाले. कोणी भजनात पखवाज धरला, कोणाला पेटी आली, कोणी काथ्या वळला. मुली बहुधा घराबाहेर पडल्याच नाहीत.

शाळेत गेलेल्यांपुढे अडचण लिपीची होती. लुई ब्रेल यांची सहा टिंबांची पद्धत एकोणिसाव्या शतकातली, पण भारतीय भाषांसाठी तिची अनेक रूपे एकाच वेळी वापरात होती. स्वतः दृष्टी गमावलेले डॉक्टर नीलकंठराय छत्रपती यांनी बसवलेली पद्धत त्यांपैकीच एक. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसरीकडचे पुस्तक वाचता येईलच असे नव्हते. हा गोंधळ १९५१ साली भारती ब्रेल ही सर्व भारतीय भाषांसाठीची समान पद्धत स्वीकारल्यावर मिटला आणि त्याच काळात डेहराडूनला मध्यवर्ती ब्रेल छापखाना उभा राहिला.

हे लेखन चालते कसे, ते पाहण्यासारखे आहे. ब्रेल पाटीत जाड कागद अडकवून कलमाने उजवीकडून डावीकडे टोचत जायचे, मग कागद काढून उलटायचा आणि वर आलेली टिंबे डावीकडून उजवीकडे वाचायची. म्हणजे लिहिताना प्रत्येक अक्षराची उलटी प्रतिमा मनात धरावी लागते. डोळसांच्या लेखनात ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या आधी बसते, पण ब्रेलमध्ये आधी ‘क’ आणि मग ‘इ’ असा उच्चाराचाच क्रम राहतो. जोडाक्षरात अर्ध्या अक्षराच्या आधी चौथ्या क्रमांकाचे टिंब एकटेच येते. गणितासाठी टेलर पाटी असते: आठकोनी भोकांत धातूचे छोटे ठोकळे बसवायचे आणि ठोकळा कोणत्या कोनात वळला आहे त्यावरून अंक ओळखायचा. कोकणात या सगळ्याला एक वेगळाच उपद्रव आहे. आषाढात हवा इतकी दमट होते की ब्रेलचा कागद ओल धरतो आणि टिंबे बसत जातात. एकेका पाठ्यपुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होत असल्यामुळे ती कोरडी राखणे हे वसतिगृहाचे एक कामच होऊन बसते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली मुंबईत राष्ट्रीय अंध संघ स्थापन झाला आणि राज्यात ठिकठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी विशेष शाळा काढल्या. या शाळांना मान्यता आणि अनुदान मिळाले ते समाजकल्याण खात्याकडून. ज्या दयाभावातून पहिल्या शाळा निघाल्या, त्याचेच हे सरकारी रूप होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये. गावातली प्राथमिक शाळा एका खात्याची आणि अंध विद्यालय दुसऱ्याच खात्याचे, त्यामुळे शिक्षकांचे प्रशिक्षण आणि तपासणी यांत फारसा दुवा राहिला नाही. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग राज्यात झाला तो थेट २०२२ साली.

दक्षिणेकडे शाळा सरकायला बराच काळ लागला. एसटी १९४८ मध्ये धावू लागली आणि कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, पण मंडणगडसारखा तालुका आजही रेल्वेवर नाही. याच तालुक्यातील घराडी येथे चालू शतकात स्नेहज्योती निवासी अंध विद्यालय सुरू झाले, हे लक्षणीय म्हटले पाहिजे, कारण संस्था शहरात काढून मुले तिकडे बोलावण्याचा रिवाज तिथे मोडला गेला.

गावात शाळा असण्याने शिक्षणाचा एक भाग पार बदलतो, तो म्हणजे चलनवलनाचा. पांढऱ्या काठीचे तंत्र मुळात शहरी पदपथ आणि त्याची कड गृहीत धरते. कोकणात पदपथ कुठला? इथे उंचसखल पायऱ्यांची पाखाडी, शेवाळलेला जांभा, कठडा नसलेला साकव आणि दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे रचलेल्या दगडांची कुंपणे. सराव झालेले मूल काठी एका हातात ठेवून दुसऱ्या हाताने गडगा चाचपत जाते. गडगा तुटला की तिथे बेडे, म्हणजे आत शिरायची वाट, किंवा वळण आहे हे त्याला कळते. ही विद्या मुंबईच्या वसतिगृहात शिकून येणे कठीण, आणि सुटीत घरी आलेले शहराला सरावलेले मूल पुन्हा अंगणापुरते उरते.

दरम्यान, शाळेत येणारे मूलही बदलत गेले. पूर्वी देवी आल्या आणि डोळे गेले, ही कथा घरोघर होती. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये आला आणि कुपोषणातून येणारे अंधत्वही ओसरले. त्यांची जागा जन्मजात मोतीबिंदू, आनुवंशिक दृष्टिपटलविकार आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा दृष्टिपटलाचा आजार यांनी घेतली. या मुलांपैकी काहींना दृष्टिदोषाबरोबर मेंदूचा पक्षाघात, कर्णबधिरत्व किंवा बौद्धिक अक्षमताही असते. कर्णबधिर-अंध मुलांसाठीची देशातील पहिली संस्था, हेलन केलर यांच्या नावाची, मुंबईत १९७७ साली निघाली, पण केवळ ब्रेल शिकवायला घडवलेल्या जुन्या विद्यालयांची रचना या मुलांना पुरी पडत नाही.

कायद्याने वाट दुसऱ्या दिशेने वळवली. एकात्मिक शिक्षणाची, म्हणजे अशा मुलांना सर्वसाधारण शाळेतच शिकवण्याची, केंद्रीय योजना १९७४ची, पहिला अपंग व्यक्ती कायदा १९९५चा. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि लक्षणीय अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. आता अल्पदृष्टी असलेली आणि हुशार म्हणता येतील अशी मुले गावच्या शाळेतच राहतात. फिरते विशेष शिक्षक अधूनमधून त्यांच्याकडे येतात आणि परीक्षेला लेखनिक मिळतो. विशेष विद्यालयाचा पट त्यामुळे घटतो आणि जी मुले उरतात त्यांना एकेकट्या लक्षाची गरज पूर्वीपेक्षा जास्त असते. अनुदानाचे सूत्र मात्र अजून पटावरच बेतलेले आहे, आणि आजच्या वादाचे मूळ तिथे आहे.