बेथलेहेमचं सिस्टर्स हाऊस: पोरांसाठी बांधलं आणि बायकांचं झालं

जुलै 2024 मध्ये दिल्लीत युनेस्कोच्या वर्ल्ड हेरिटेज कमिटीची बैठक झाली, आपल्याकडे तेव्हा सगळी चर्चा आसामच्या मोइदामची, म्हणजे अहोम राजांच्या दफन-टेकड्यांची झाली आणि ती व्हायलाच हवी होती, पण त्याच बैठकीत अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधलं बेथलेहेम, जर्मनीतलं हेर्नहुट आणि उत्तर आयर्लंडमधलं ग्रेसहिल ही तीन गावंसुद्धा यादीत गेली. डेन्मार्कचं क्रिस्टियान्सफेल्ड 2015 पासून होतंच. ही चारही मोरावियन या ख्रिस्ती पंथाची गावं. त्यातल्या बेथलेहेममधल्या एका दगडी घराबद्दल, सिस्टर्स हाऊसबद्दल मला लिहायचंय, कारण त्या काळात लग्न न झालेल्या बाईला हक्काची जागा म्हणजे काय, हे त्या घराकडे बघून कळतं.

आधी थोडं मागचं. मोरावियन म्हणजे आताच्या चेक भागातले, यान हुस या जुन्या चेक धर्मसुधारकाच्या विचारांचे प्रोटेस्टंट लोक. छळाला कंटाळून त्यातले काही 1722 मध्ये सॅक्सनीत काउंट झिन्झेनडॉर्फच्या जमिनीवर येऊन राहिले, तेच हेर्नहुट. तिथे एक वेगळीच पद्धत पडली. माणसं कुटुंबाप्रमाणे नाही तर वय, स्त्री-पुरुष आणि लग्न यांप्रमाणे गटात राहायची, आणि या गटाला म्हणायचे क्वायर (गाण्याशी याचा थेट संबंध नाही). लहान मुली, मोठ्या मुली, अविवाहित बायका, विवाहित, विधवा, असं प्रत्येकीचं क्वायर ठरलेलं. बायकांच्या पांढऱ्या टोपीच्या रिबिनीवरून ते लगेच कळायचं, अविवाहितांची गुलाबी, लग्न झालेल्यांची निळी, विधवांची पांढरी.

बेथलेहेम वसलं 1741 मध्ये. 1744 मध्ये तिथे चुनखडीच्या दगडाचं एक मोठं घर उभं राहिलं ते खरं तर अविवाहित पुरुषांसाठी, पण चारच वर्षांत त्यांना जागा पुरेना म्हणून 1748 मध्ये त्यांच्यासाठी शेजारीच आणखी मोठं घर बांधलं आणि हे जुनं घर अविवाहित बायकांना मिळालं. पुढे त्यांचीही संख्या वाढली तसं 1752 मध्ये आणि नंतर 1770 च्या दशकात ते वाढवलं. उतरतं छप्पर, त्यात छोट्या खिडक्यांच्या दोन ओळी, आत सगळ्यांनी मिळून झोपायचा एक मोठा हॉल, आणि रात्री एक बाई जागी राहून पहारा द्यायची.

सूतकताई, विणकाम, भरतकाम, शिकवणं, सगळं याच बायका करायच्या आणि घराचा कारभारही त्यांच्यातलीच एक जण बघायची. 1762 पर्यंत गावात कुणाला पगार असा नव्हताच, सगळे गावासाठी राबायचे आणि जेवण, कपडे, निवारा गावाकडून. ती व्यवस्था मोडल्यावर मात्र आपल्या कामाच्या पैशातून आपला खर्च भागवायचा, म्हणजे वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर न जगता, आणि हे अठराव्या शतकात! मला यातलं सर्वात मोलाचं हेच वाटतं.

पण म्हणून ते स्वातंत्र्याचं नंदनवन होतं असंही नाही. लग्नाचा प्रस्ताव देवाच्या मर्जीला आहे का ते चिठ्ठी टाकून बघायचे, बाईला नाही म्हणता यायचं हे खरं, तरी चिठ्ठीची ती सक्ती सर्वसामान्य सभासदांसाठी थेट 1818 मध्ये गेली. आणि याच चर्चने गुलामही बाळगले होते, तेही सांगायलाच हवं.

बाहेरच्यांना हे घर कधी नीट समजलं नाही. 1778 मध्ये या बायकांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढणाऱ्या पोलिश सेनानी पुलास्कीच्या पलटणीसाठी लाल रेशमाचं निशाण भरून दिलं, त्यावर अमेरिकन कवी लाँगफेलोने 1825 मध्ये कविता लिहिली आणि या बायकांना चक्क नन करून टाकलं, धूपबिप सगळं. पण मोरावियन प्रोटेस्टंट, नन नसतातच त्यांच्यात. आयुष्यभराचं व्रत नव्हतं, लग्न करून घर सोडून जाता यायचं. मठापेक्षा आपलं वर्किंग विमेन्स हॉस्टेल याला जास्त जवळचं, फक्त प्रार्थनेच्या वेळा पक्क्या आणि शेजारची मैत्रीण बहुधा जन्मभराची.

पुरुषांचं घर मात्र टिकलं नाही. त्याच स्वातंत्र्ययुद्धात ते वॉशिंग्टनच्या सैन्याचं हॉस्पिटल झालं, 1814 मध्ये त्यांचं क्वायरच बंद पडलं आणि इमारतीत मुलींची शाळा आली. बायकांच्या घरात मात्र क्वायरची शिस्त संपल्यावरही एकट्या बायका खोल्या घेऊन राहतच होत्या, अगदी विसाव्या शतकातही.

जवळच त्यांची जुनी दफनभूमी आहे, गॉड्स एकर. सगळे दगड जमिनीलगत सपाट, सारख्याच साधेपणाचे, आणि तिथेही माणसं कुटुंबाप्रमाणे नाही तर क्वायरप्रमाणे पुरलेली. त्यामुळे युरोपातून आलेली, आफ्रिकन आणि मूळ अमेरिकन माणसं तिथे एकाच ओळीत आहेत, आणि अविवाहित बाई वडिलांजवळ नाही, तर सिस्टर्स हाऊसमधल्या तिच्या सोबतिणींच्या ओळीत आहे.