नात्यातली द्राक्षं, मापातली तहान

फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनीत सँ-सुलियाक नावाचं खाडीकाठचं गाव आहे. हा मुलूख सफरचंदांचा. १९९० च्या दशकात या गावाजवळच्या एका टेकाडावर, जिथे कधीकाळी द्राक्षबाग होती, तिथल्या झाडोऱ्यात वाढलेली एक अनोळखी वेल संशोधकांना सापडली. तिची जात कुठल्याच यादीत बसेना. पुढे त्याच जातीच्या चार वेली दक्षिणेकडे शारांत भागात मिळाल्या, शेतकऱ्यांच्या घरांसमोर चढवलेल्या. तिथले लोक तिला ‘मादलेनचं द्राक्ष’ म्हणत, कारण २२ जुलैला, संत मारी मादलेनच्या सणाच्या सुमारास, तिचे घड पिकू लागत. २००९ मध्ये डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि कोडं सुटलं. ही वेल म्हणजे मर्लो या तांबड्या वाइनच्या द्राक्षाची आई. जगातल्या सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या द्राक्षांपैकी एकाची आई कुणाच्या तरी अंगणात, नावागावाशिवाय जगत होती.

मर्लोचा बाप कोण, हे त्याआधीच कळलं होतं: काबर्ने फ्रां, हेही तांबड्या वाइनचंच द्राक्ष. हा बाप आणि त्याची ही लेक एकाच बाटलीत जिथे सर्वांत सुंदर नांदतात, ती जागा म्हणजे फ्रान्सच्या वाइनसाठी प्रसिद्ध बोर्दो शहराजवळच्या सेंत-एमिलियोंमधली ‘शव्हाल ब्लाँ’ ही इस्टेट. नावाचा अर्थ पांढरा घोडा. तिथल्या तांबड्या वाइनमध्ये बहुतेक वर्षी निम्म्याच्या आसपास काबर्ने फ्रां असते, कधी त्याहून जास्त, आणि बाकीची मर्लो. अलीकडे काही वर्षी थोडी काबर्ने सोव्हिन्यों घातली जाते. तीही घरचीच म्हणायची, कारण काबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लाँ या हिरव्या द्राक्षाच्या संकरातून ती जन्मली. हे कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत १९९७ मध्ये दाखवलं. एवढ्या गडद काळ्या द्राक्षाच्या आईबापांपैकी एक हिरवं निघेल, असं फारसं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

नात्याचा हा विषय मी मुद्दाम आधी काढला. मर्लोला आईकडून लवकर पिकण्याचा गुण मिळाला. काबर्ने फ्रां तिच्या मागून, सवडीने पिकते. मर्लो मऊ, गोड, भरदार. काबर्ने फ्रांत आंबटपणाची धार आणि फुलाफळांचा बारीक वास. दोन जाती जवळच्या नात्यातल्या असूनही त्यांचं घड्याळ वेगळं आहे. शव्हाल ब्लाँची सगळी कला या दोन घड्याळांचा आणि खालच्या जमिनीचा मेळ घालण्यात आहे.

इस्टेट फार मोठी नाही. ३९ हेक्टर, म्हणजे सुमारे ९६ एकर, तीही सलग. दोर्दोन्य नदीच्या उत्तरेला, सेंत-एमिलियोंच्या वायव्य कोपऱ्यात, जिथे एक रस्ता ओलांडला की पोमरोल या शेजारच्या वाइन-मुलखाची हद्द लागते. शेजारच्या फिजाक इस्टेटीचे तुकडे १८३२ पासून विकत घेतले जाऊ लागले, त्यातून ही उभी राहिली. आज ती बेर्नार आर्नो आणि आल्बेर फ्रेर या उद्योगपतींनी १९९८ मध्ये केलेल्या खरेदीमुळे ओळखली जाते. पण मालकांपेक्षा माती जास्त सांगण्यासारखी आहे.

सेंत-एमिलियों म्हटलं की चुनखडीचं पठार आठवतं. शव्हाल ब्लाँत चुनखडी जवळपास नाहीच. प्राचीन नदीने वाहून आणलेले गोटे आणि खडी एका भागात, दुसऱ्या भागात जड चिकणमाती, आणि उरलेल्या ठिकाणी चिकणमातीवर वाळूचा थर. ढोबळमानाने गोटे आणि चिकणमाती दोन-दोन वाटे, वाळू एक वाटा. चार-पाच ओळी चालून गेलं की पायाखालची जमीन बदलते.

जमिनीमुळे चव बदलते म्हणजे नेमकं काय होतं? लोकांची समजूत अशी, की मुळं दगडातली खनिजं शोषतात आणि ती चव थेट पेल्यात उतरते. बोर्दोचे मृदाशास्त्रज्ञ जेरार सेगँ यांनी बोर्दोच्याच मेदोक भागातल्या नामांकित बागांच्या मातीचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि उत्तर वेगळंच निघालं. उत्तम वाइन देणाऱ्या जमिनींत कोणतंही एक खास रसायन सामाईक नव्हतं. सामाईक होती ती एक सवय: वेलीला पाणी मोजून द्यायचं. पाऊस पडला की जास्तीचं पाणी पटकन काढून टाकायचं, आणि उन्हाळा चढला की हात हळूहळू आखडता घ्यायचा. सेगँ यांच्याबरोबर काम केलेले कॉर्नेलिस व्हॅन लेव्हेन यांनी हीच तपासणी पुढे शव्हाल ब्लाँच्या मातीत केली. १९९६ ते २००० अशी पाच वर्षं त्यांच्या गटाने याच परिसरात तीन प्रकारच्या मातीत तीन जाती शेजारी शेजारी मोजल्या. द्राक्षाच्या घडणीवर वर्षाच्या हवामानाचा आणि मातीचा परिणाम जातीपेक्षाही जास्त दिसला, आणि तो बराचसा पाण्याच्या वाटेने होत होता.

वेलीची तहान मोजतात कशी, ते बघण्यासारखं आहे. भर दुपारी उन्हातलं एक पान आधी तासभर पिशवीत झाकून ठेवतात, म्हणजे त्याचं बाष्पीभवन थांबतं आणि पानातला ताण खोडातल्या ताणाशी जुळतो. मग ते देठासकट कापून एका जाड धातूच्या कुपीत बंद करतात. देठाचं कापलेलं टोक तेवढं झाकणातून बाहेर. कापताच देठातलं पाणी आत ओढलं गेलेलं असतं, कारण वेल ते वर खेचत होती. आता कुपीत हळूहळू वायूचा दाब वाढवायचा आणि भिंगातून त्या टोकाकडे बघत राहायचं. एका क्षणी कोरडं टोक ओलसर चमकतं, पाण्याचा बारीक थेंब फुटतो. त्या क्षणीचा दाब वाचायचा. जितका दाब जास्त लागला, तितकी वेल तहानलेली.

दुसरी पद्धत मला अधिकच आवडते, कारण तिच्यात साखरच साक्ष देते. पान तहानेला लागलं की पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं, मिटतं. हवेतला कार्बन थोडासा जड रूपातही असतो, शेकडा एकाहून किंचित जास्त. पाणी मुबलक असताना पान हलका कार्बन निवडून घेतं आणि जड मागे सोडतं. रंध्रं मिटली की निवडीला वाव राहत नाही, जडही वापरावा लागतो. त्यामुळे पिकलेल्या मण्यांतल्या साखरेतला जड कार्बन मोजला, की गेल्या उन्हाळ्यात ती वेल किती तहानेली होती ते कळतं.

तहान वेळेवर लागली तर काय होतं? आपल्याकडचे द्राक्ष बागाईतदार ज्याला ‘मण्यात पाणी उतरणं’ म्हणतात, म्हणजे मणी मऊ होऊन रंग धरू लागतो, त्या टप्प्याच्या आधी वेलीला थोडी ओढ लागली की शेंडे वाढायचे थांबतात. मग वेल तयार करत असलेली साखर नव्या पानांवर खर्च न होता घडात जाते. मणी लहान राहतो. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि तांबडा रंग, तुरटपणा देणारी टॅनिनं यांचा मोठा साठा सालीत असतो. आंब्याच्या कोयीचा किंवा सुपारीचा तुरटपणा आपण जाणतो. लाळेतली प्रथिनं टॅनिनांनी बांधली गेली की जीभ अशी खरखरते. तहान फार झाली तर मात्र पिकणंच अडतं. म्हणून मापातली तहान.

गोट्यांच्या जमिनीत हे समजायला सोपं आहे; पाणी निथळून जातं. चिकणमातीचं काय? तिथे तर पाणी साठतं. पण शव्हाल ब्लाँच्या खालची चिकणमाती स्मेक्टाइट गटातली आहे. आपली काळी कापसाची माती त्याच घराण्यातली. उन्हाळ्यात तिला कशा भेगा पडतात, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. ही माती पाणी भरपूर धरते, पण इतकं घट्ट की मुळांना ते मोठ्या कष्टाने मिळतं. म्हणजे दोन उलट स्वभावाच्या जमिनी वेलीला सारख्याच ओढीत ठेवतात, फक्त मार्ग वेगळे. हे वाचलं तेव्हा मी खरोखर थक्क झालो होतो.

मुळांचा आणखी एक धागा आपल्यापर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. १८६८ मध्ये झ्यूल-एमील प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किडीला मुळांवर रंगेहाथ पकडलं. उपाय निघाला तो या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, फ्रेंच काडीचं कलम भरण्याचा. नाशिक-सांगलीचा शेतकरी डॉगरिज खुंटावर कलम भरतो तो मुख्यतः पाण्याचा ताण आणि क्षार सोसण्यासाठी, पण खुंट अमेरिकीच.

आता वासाकडे. काबर्ने फ्रां अर्धवट पिकली की तिला ढोबळी मिरचीचा वास येतो, आणि ही उपमा नाही. दोन्हींत एकच रेणू असतो, मेथॉक्सिपायराझीन गटातला. तांबड्या वाइनच्या लिटरमागे पंधरा नॅनोग्रॅमच्या आसपास तो असला तरी नाकाला कळतो. हिशेब करून बघितला: एक टीएमसी पाण्यात जेमतेम सव्वाचारशे ग्रॅम! ऊन मिळालं आणि पिकण्याला वेळ मिळाला की हा रेणू कमी होत जातो. म्हणून काबर्ने फ्रांला लवकर तापणारी, निचऱ्याची जमीन आणि धीर हवा. उतावळेपणाने तोडणी केली की बापाचा रागीट हिरवेपणा लेकीच्या मऊपणातही लपत नाही.

म्हणूनच तोडणी वाफ्यावाफ्याने होते. २०११ मध्ये वास्तुकार ख्रिस्तियाँ द पोर्झांपार्क यांनी आखलेलं नवं तळघर उभं राहिलं. त्यात काँक्रीटच्या ५२ टाक्या आहेत, वेगवेगळ्या आकारमानाच्या, कारण वाफेही लहानमोठे आहेत. प्रत्येक तुकड्याचा रस स्वतंत्र आंबतो. हिवाळ्यात या सगळ्या वाइन चाखून ठरतं की कोणती मुख्य मिश्रणात जाईल आणि कोणती ‘पती शव्हाल’ या दुसऱ्या वाइनमध्ये. २०१५ च्या हंगामात दुसरी तांबडी वाइन काढलीच नाही, इतकं सगळं जमून आलं होतं.

तरी मोजमापांचा आकडा शेवटचा शब्द नाही, हे १९४७ शिकवून गेलं. तो उन्हाळा भयंकर तापला. द्राक्षांत साखर इतकी भरली आणि टाक्या इतक्या गरम झाल्या की यीस्ट काम संपण्याआधीच गळाठलं. थोडी साखर तशीच राहिली, व्हिनेगरचं आम्ल वाढलं, अल्कोहोल चौदा टक्क्यांच्या वर गेलं. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ही बिघडलेली वाइन. पण तीच विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या वाइनपैकी एक ठरली. २०१० मध्ये जिनिव्हात तिची सहा लिटरची बाटली तीन लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. किंमत बाजूला ठेवली तरी माझ्या मनात राहतं ते हे, की त्या वर्षीच्या घडांत एवढा ऐवज होता की दोष त्यात सामावून गेले.

असे उन्हाळे आता वारंवार येतात. मर्लो लवकर पिकते, त्यामुळे तिच्यात साखर आणि पर्यायाने अल्कोहोल चढू लागलं आहे. १९५६ च्या फेब्रुवारीतल्या जीवघेण्या गारठ्यानंतर या भागात अनेकांनी मर्लोच लावली होती. शव्हाल ब्लाँने काबर्ने फ्रांचा हात सोडला नाही. बोर्दोच्या व्यापक क्षेत्रासाठी २०२१ मध्ये पोर्तुगालच्या तूरिगा नासियोनालसारख्या नव्या जातींना परवानगी मिळाली. शव्हाल ब्लाँ मात्र आपल्याच जुन्या काबर्ने फ्रां वेलींतून निवड करते. कोणत्या वेलीचे घड लहान आणि सुटसुटीत, कोणती उन्हात टिकते, ते पाहून खुणा केल्या जातात. मग हिवाळ्यात, वेली झोपलेल्या असताना, त्याच खुणेच्या वेलींच्या काड्या कापून नव्या खुंटांवर भरल्या जातात.