डिस्कस टँक

डिस्कस टँक म्हणजे ॲमेझॉन खोऱ्यातल्या डिस्कस माशांसाठी लावलेली मोठी, गरम, गोड्या पाण्याची टाकी. मोठी म्हणजे साधारण ४०० लिटरच्या पुढची, गरम म्हणजे २८ ते ३० अंश सेल्सिअस, आणि मासा म्हणजे सिक्लिड कुळातल्या सिम्फायसोडॉन प्रजातीचा (प्रजाती म्हणजे इथे जीनस, जवळच्या जातींचा गट), बशीसारखा गोल नि चपटा, पूर्ण वाढला की १५ ते २० सेंमी भरणारा. अवघड मासा अशी याची ख्याती आहे, पण ज्यांनी वर्षानुवर्षं पाळलाय ते सांगतात की मासा बिचारा गप उभा असतो, सगळी हमाली पाण्याची असते.

नाव आणि जातींचा घोळ

शास्त्रीय नोंद सुरू होते १८४० पासून. व्हिएन्नाचा मत्स्यतज्ज्ञ योहान याकोब हेकेल याने प्रजाती आणि सिम्फायसोडॉन डिस्कस ही जाती एकदमच वर्णिली, नमुना योहान नाटररने जमवलेला (हा माणूस १८१७ ते १८३५ ब्राझीलमध्येच फिरत होता), आणि ठिकाण लिहिलंय बारा दो रिओ नेग्रो, म्हणजे आजचं मानाउस. या माशाच्या अंगावर नऊ उभे पट्टे, त्यातला पहिला, पाचवा आणि नववा ठळक, आणि पाचवा तर इतका जाड की लांबून तोच दिसतो. धंद्यात याला अजून 'हेकेल'च म्हणतात.

पुढे १९०४ मध्ये फ्रान्सच्या पेलग्रँने सगळे पट्टे सारखे असलेला प्रकार एक्विफॅसिएटस नावाने वेगळा काढला, आणि वादाचं मूळ इथेच आहे, कारण त्याच्यापुढचे नमुने दोन ठिकाणचे होते, एक तेफे आणि दुसरं सांतारेम, आणि या दोघांत हजार-अकराशे किलोमीटरचं अंतर. तेफेकडचा मासा हिरवा, सांतारेमकडचा निळा-तपकिरी. मग नाव नेमकं कोणाचं? १९६० मध्ये लेनर्ड शुल्ट्झने यावर उपजातींचा तोडगा काढला, हिरवा एक्विफॅसिएटस, तपकिरी ॲक्सेलरोडाय आणि निळा हॅराल्डाय. त्याच सुमारास लायन्स नावाच्या लेखकाने टारझू हे नाव छापलं होतं, त्याला बहुतेक याद्या १९५९ साल लावतात, आणि ते नाव टारपन झू या फ्लोरिडातल्या मासे आयात करणाऱ्या धंद्यावरून आलं असं सांगतात. १९८१ मध्ये बर्जेसने हेकेलमध्येही एक उपजात घातली, विलिश्वार्ट्झाय. १९९६ मध्ये स्वेन कुलँडरने हे सगळं छाटून दोनच जाती ठेवल्या.

मग डीएनए आला. २००६ मध्ये रेडी, फरेरा आणि कुलँडर यांनी तीन जाती मांडल्या, डिस्कस, एक्विफॅसिएटस आणि पश्चिमेकडच्या हिरव्यासाठी टारझू, आणि पश्चिम-पूर्व गटांमधली सीमा पुरुस कमानीच्या (ॲमेझॉन खोऱ्याखालचा खडकाचा जुना उंचवटा) भागात दाखवली. वर्षभरात, २००७ मध्ये, हायको ब्लेहर आणि सहकाऱ्यांनी पण तीनच जाती मांडल्या, फक्त त्यांच्याकडे एक्विफॅसिएटस हे नाव हिरव्याला गेलं आणि निळ्या-तपकिरीला हॅराल्डाय. म्हणजे एकच नाव एका निबंधात पूर्वेचा मासा आणि दुसऱ्यात पश्चिमेचा! नंतरच्या कामात झिंगू नदीतला एक गटही वेगळा पडताना दिसतो. गट तीन आहेत यावर दोघांचंही बऱ्यापैकी एकमत आहे, भांडण पाटीचं आहे, म्हणून या नोंदीत हेकेल, हिरवा आणि निळा-तपकिरी एवढंच धरलंय.

दुकानातल्या माशाला तसाही हा वाद लागू होत नाही. जिवंत डिस्कस युरोपात बहुधा १९२० च्या दशकात पोचले, पण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून रंग काढायचं काम जोरात आलं ते १९६० नंतर, अमेरिकेत जॅक वॅटलीचे टर्कॉइझ, जर्मनीत डॉ. एडुआर्ड श्मिट-फोके यांचे लाल टर्कॉइझ, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थायलंडच्या किट्टी फनाइतीचा पिजन ब्लड. पिजन ब्लडमध्ये उभे पट्टे गायब असतात, पण काळा रंग पूर्ण जात नाही, अंगावर मिरपूड शिंपडल्यासारखी उतरते आणि गडद टाकीत वाढते, म्हणून अशा माशांच्या टाकीला मागून काळा कागद लावत नाहीत, फिकट निळा किंवा पांढरा लावतात. स्नेकस्किनमध्ये नऊच्या जागी चौदाच्या आसपास बारीक पट्टे येतात. हे सगळे आज मलेशिया, थायलंड, हाँगकाँग, जर्मनीच्या फार्ममध्ये जन्मलेले संकर, त्यांना रिओ नेग्रो ऐकूनही माहीत नाही.

मूळ पाणी

रिओ नेग्रोचं पाणी कोऱ्या चहासारखं, पीएच ४ ते ५, क्षार जवळजवळ नाहीत. पण सगळे डिस्कस तिथलेच नाहीत, हिरवे आणि निळे-तपकिरी पूरमैदानातल्या तळ्यांतही राहतात जिथे पाणी एवढं आंबट नसतं. मानाउसला नदीची पातळी वर्षात १० मीटरच्या आसपास वरखाली होते. विल्यम क्रॅम्प्टनने २००८ मध्ये जे निरीक्षण छापलं त्यात मासे उतरत्या पाण्यात काठाच्या बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत मोठ्या कळपाने राहतात आणि पाणी चढायला लागलं की वीण होते असं दिसतं. पोटात सापडतं ते मुख्यतः फांद्यांवरचं शेवाळ, गाळातला सेंद्रिय भुगा, थोडे किडेबिडे. हा मुद्दा खाण्याच्या वेळी परत लागेल.

(रिओ नेग्रोकाठच्या बार्सेलोस गावात शोभेच्या माशांचा उत्सव होतो, त्यात गाव दोन तटांत वाटलं जातं, एक तट कार्डिनल टेट्राचा आणि दुसरा डिस्कसचा. अख्खं गाव माशांच्या नावाने भांडतंय हे चित्र भारीच आहे.)

टाकी आणि वजन

रूढ हिशोब एका मोठ्या माशाला ४० लिटर. पण डिस्कस एक-दोन ठेवून चालत नाही, दोनात एक दादा होतो आणि दुसरा कोपऱ्यात काळा पडून उपाशी मरतो, म्हणून कमीत कमी सहा, शक्यतो एकाच मापाचे आणि एकाच दिवशी सोडलेले, म्हणजे मार वाटला जातो. ५ बाय २ बाय २ फुटांची टाकी काठोकाठ ५६६ लिटर होते, वरून दोन इंच सोडले तरी ५०० च्या पुढे. १२ मिमी काचेचं वजनच शंभर किलो, त्यात स्टँड, वाळू, सगळं धरून ७०० किलोच्या वर जातं आणि ते जेमतेम १० चौरस फुटांवर उभं असतं. भारतीय मानक ८७५ मध्ये राहत्या घराच्या मजल्यासाठी वापराचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे २०० किलो धरलाय, टाकीखाली तो पावणेचार पट होतो. मानकातला आकडा खोलीभर पसरलेल्या भाराचा असल्यामुळे लगेच स्लॅब कोसळतो असं नाही, पण टाकी बीमच्या रेषेत, भिंतीला लागून घ्यावी आणि जुन्या बिल्डिंगमध्ये इंजिनिअरला विचारून मगच घ्यावी. स्टँड आणि काच यांच्यामध्ये थर्माकोलची शीट घालतात, बारीक खडा राहिला तरी काच तडकू नये म्हणून.

तळ मोकळा ठेवायचा की वाळू-झाडं लावायची यावर दोन तट आहेत. पिल्लं वाढवायची असतील तर मोकळा तळ सोयीचा, उरलेलं खाणं आणि विष्ठा समोर दिसते आणि पाइपने ओढून घेता येते. मोठे मासे असतील तर बारीक वाळूचा पातळ थर आणि दोन-तीन लाकडी ओंडके पुरतात. झाडांमध्ये ॲमेझॉन स्वोर्ड, अनुबियास, जावा फर्न एवढी मंडळी ३० अंशाला टिकतात.

पाणी

फिल्टर सम्प (टाकीखालची वेगळी टाकी) असो की कॅनिस्टर (बाहेरचा बंद डबा), काम जिवाणूंचं, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे, आणि ते बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे सोडले तर काय होतं ते पीएचवर ठरतं. ३० अंशाला आणि पीएच ८ ला एकूण अमोनियातला ७ टक्क्यांच्या वर भाग विषारी रूपात असतो, पीएच ७ ला एका टक्क्याहून कमी आणि ६ ला जवळपास नाहीच. म्हणून आंबट पाण्यात काही आठवडे सगळं छान दिसतं, आणि मग कोणी एकदम कठीण, म्हणजे क्षारांचं आणि पीएच चढवणारं, पाणी ओतलं की रातोरात मासे वर येऊन धापा टाकायला लागतात. उलट बाजू अशी की पीएच ६ च्या खाली हे जिवाणूच मंदावतात. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी राहतो, २५ अंशाला लिटरमागे ८ मिग्रॅच्या थोडा वर, ३० ला साडेसातच्या आसपास, त्यामुळे पृष्ठभाग हलता हवाच.

जुन्या पुस्तकांत डिस्कसला मऊ आंबट पाणीच लागतं असं ठासून लिहिलेलं असायचं. ते पकडून आणलेल्या हेकेलसाठी आणि वीण घेण्यासाठी आजही खरं धरावं, कठीण पाण्यात अंडी फुटण्याचं प्रमाण घटतं. पण फार्मचे मासे पीएच ७.५ ला आणि बऱ्यापैकी कठीण पाण्यात आरामात वाढतात, जर्मनीतले मोठे फार्म हेच करतात, आणि पीएच खाली आणायच्या बाटल्यांनी रोज वरखाली करण्यापेक्षा जे नळाला येतं ते स्थिर ठेवलेलं बरं, हे मत आता जड भरतं. मुंबईचं भातसा-वैतरणा-तानसाचं पाणी मुळात मऊ, तिथे प्रश्न क्लोरीनचाच. दख्खनच्या बोअरचं पाणी कठीण, ते आरओच्या पाण्यात मिसळून वापरतात. नुसतं आरओ घालू नये, त्यात पीएच धरून ठेवायला काही उरतच नाही. देशी बदामाची वाळलेली पानं टाकली की पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि थोडं आंबटही, पण कठीण पाण्यात फरक रंगापुरताच.

खरं रोजचं काम हे: गॅलरीत २०० लिटरचा निळा ड्रम, त्यात नळाचं पाणी, एक एअरस्टोन आणि एक हीटर, २४ तास. रात्रभर बुडबुडे चालले की पाण्यात दाबाने विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सकाळी पीएच काल संध्याकाळपेक्षा अर्ध्या अंकाने चढलेला सापडू शकतो. हाच फरक थेट टाकीत झाला तर मासे पंख मिटून कोपऱ्यात जमतात. संध्याकाळी टाकीतलं पाणी पाइपने बादलीत काढायचं, मग ड्रममधल्या छोट्या पंपाने भरायचं, आठवड्याला एकूण निम्मं तरी, पिल्लं असतील तर रोज तिसरा हिस्सा. नायट्रेट २० पीपीएमच्या आत ठेवायचा म्हणतात, पण पिल्लांची वाढ खुंटायला त्याच्या आधीच सुरुवात होते असं पाळणारे सांगतात.

हीटर एक ६०० वॅटचा घेण्यापेक्षा ३०० चे दोन घेतात, एक चालूच अडकला तर टाकी उकळत नाही आणि एक मेला तर गारठत नाही. पुण्या-नाशकाच्या जानेवारीत याची किंमत कळते. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर आधी एअरपंप, हीटर नंतर, कारण एवढं पाणी थंड व्हायला बरेच तास लागतात, गुदमरायला मात्र फार कमी.

खाणं

जगभर बीफहार्ट मिक्स चालतं, हृदयाचं मांस चरबी-शिरा काढून, कोळंबी, पालक, लसूण घालून वाटायचं आणि पातळ वड्या करून फ्रीझरमध्ये. महाराष्ट्रात २०१५ पासून सगळ्याच गोवंशाच्या कत्तलीवर बंदी असल्यामुळे इथे म्हशीचं हृदय किंवा सरळ कोळंबीचं मिक्स वापरतात. रानात शेवाळ खाणारा मासा टाकीत हृदय खाऊन दुप्पट वेगाने वाढतो खरा, पण पाणीही त्याच वेगाने घाण होतं, आणि चांगलं दाणेदार खाद्य मिळत असताना याची किती गरज उरली हा प्रश्नच आहे. मोठ्यांना दिवसातून दोनदा, पिल्लांना चार-पाच वेळा.

पिल्लं

जोडी स्वतःच जमते. उलटी ठेवलेली मातीची कुंडी दोघं तोंडाने घासून साफ करतात, मादी खालून वर जात ओळीने अंडी चिकटवते, शंभर ते तीनशे, मागोमाग नर. साधारण ६० तासांत अंडी फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं सुटतात आणि थेट आई-बापाच्या अंगाला जाऊन चिकटतात. दोघांचाही रंग गडद होतो, अंगावर जाडसर बुळबुळीत थर येतो, आणि मिरीएवढीही नसलेली ती पिल्लं त्यावर चोची मारल्यासारखं टोचत राहतात. एक कंटाळला की अंगाला झटका देऊन बाजूला होतो, थवा दुसऱ्याच्या अंगावर. २०१० मध्ये बकली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अंडी घातल्यावर या थरातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात, आणि साधारण तिसऱ्या आठवड्यापासून आई-बाप पिल्लांना टाळून लांब जायला लागतात, म्हणजे दूध तोडावं तसंच. वॅटलीने अंड्याच्या पुडीचा लेप भांड्याला लावून आई-बापाविना पिल्लं वाढवली होती, पण दिवसभर भांडी बदलत बसावं लागतं. पिजन ब्लड गडद होत नसल्यामुळे त्यांची पिल्लं कधीकधी अंगाकडे जातच नाहीत आणि दोन दिवसांत संपतात.

रोग आणि सोबती

पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा आणि डोक्यावर खड्डे दिसले की आतड्यातल्या परजीवीचा संशय घेतात आणि मेट्रोनिडॅझोल वापरतात. एकच कल्ला हलत असेल तर कल्ल्यातले कृमी, त्याला प्राझिक्वांटेल. १९८० च्या दशकाच्या मध्यात डिस्कस प्लेग नावाची साथ आली, मासे काळे पडून एका कोपऱ्यात गोळा व्हायचे आणि अंगावरचा थर सोलून निघायचा. एंजल मासे ही साथ स्वतः आजारी न पडता आणतात असं मानतात, म्हणून एंजल सोबत ठेवत नाहीत, कार्डिनल टेट्रा आणि स्टर्बाय कोरीडोरस ठेवतात, आणि नवा डिस्कस कुठूनही आला तरी चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत, शेवटच्या आठवड्यात जुन्यातला एक मासा त्याच्यासोबत सोडून.