चहाची सवय म्हणजे ड्रग्जचं व्यसन नव्हे

‘चहासुद्धा ड्रगच, गर्द काय नि अमृततुल्य काय!’ हे पुण्यात वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चूक आहे आणि घातकही, कारण त्याने खऱ्या व्यसनाचं गांभीर्य कमी होतं.

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप आणतं. चहातलं कॅफीन त्याच्या जागा अडवतं, म्हणून तरतरी येते. रोजच्या सवयीने मेंदू याला सरावतो. मग चहा चुकला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोकं ठणकतं. निर्जळी एकादशीच्या डोकेदुखीचं खापर पित्तावर फुटतं, पण पुष्कळदा कारण हेच असतं. त्रास शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत सुरू होतो आणि 2 ते 9 दिवसांत जातो.

हे झालं अवलंबित्व. व्यसनात ताबाच सुटतो. घर, नोकरी पणाला लागली तरी थांबता येत नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निकषांत कॅफीन सोडतानाचा त्रास नोंदलेला आहे. कॅफीनचं व्यसन मात्र ‘अधिक अभ्यास हवा’ या यादीत आहे. शुद्ध कॅफीनची पावडर मात्र जीव घेऊ शकते, तिच्या वाटेला जाऊ नका.

निरोगी प्रौढांना दिवसाला एकूण 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, गरोदरपणी 200. कपभर चहात साधारण 30 ते 50 असतं. कमी करायचं तर एकदम तोडू नका. दर तीन-चार दिवसांनी एक कप घटवा, आधी संध्याकाळचा, कारण निम्मं कॅफीन उतरायलाच सुमारे 5 तास लागतात. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं. वेष्टन वाचून घ्या.