इशारा कोणी द्यायचा? विद्यापीठांतील आपत्कालीन जबाबदारीची पार्श्वभूमी

विद्यापीठाच्या आपत्कालीन आराखड्यात सुरुवातीलाच सहसा एक तक्ता असतो. आग लागली, पूर आला, प्रयोगशाळेत वायुगळती झाली, आवारात कोणी शस्त्र घेऊन शिरले, तर निर्णय कोण घेणार. तो अधिकारी परगावी असेल तर त्याच्या जागी कोण. आणि तोही हाती लागला नाही तर तिसरा कोण. तक्ता रुक्ष असतो, म्हणून फारसे कोणी तो वाचत नाही. पण त्यातल्या कितीतरी ओळी कुणाच्या तरी मृत्यूनंतर लिहिल्या गेल्या आहेत. हा इतिहास सर्वांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकेत, कारण तिथे मोठ्या घटनांच्या चौकश्या झाल्या, अहवाल लोकांपुढे आले आणि त्यांतले काही थेट कायद्यापर्यंत पोहोचले.

१ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका माणसाने खाली येणाऱ्या-जाणाऱ्यांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. हा प्रकार ९६ मिनिटे चालला. विद्यापीठाजवळ स्वतःचे सशस्त्र पोलीस नव्हते. काही नागरिकांनी आपल्या बंदुका आणून खालून गोळीबार केला, आणि अखेर शहराचे पोलीस वर चढून त्या माणसापर्यंत पोहोचले. पुढच्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने विद्यापीठांना स्वतःचे पोलीस दल ठेवण्याची मुभा दिली. संकट आले की बाहेरून कोणीतरी येईल, या गृहीतकाला तिथे पहिला मोठा धक्का बसला.

दुसरा धक्का वेगळ्या जातीचा होता. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यदलाच्या, जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी ठार झाले, नऊ जखमी झाले. इथे बाहेरून मदत आली होती आणि तिच्याच हातून माणसे मेली. आवाराची सूत्रे आता गार्डच्या हाती गेली आहेत, अशी विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांची समजूत झाली होती. सभेला बंदी नेमकी कोणी घातली, ती कोणाच्या अधिकारात होती, यावरही गोंधळ होता. गोळीबारानंतर संतापलेले विद्यार्थी जागेवरून हलायला तयार नव्हते. तेव्हा भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक ग्लेन फ्रँक यांनी गार्डच्या अधिकाऱ्यांकडून थोडा वेळ मागून घेतला आणि विद्यार्थ्यांना निघून जाण्यासाठी अक्षरशः विनवले. विद्यार्थी पांगले, आणि पुढचा रक्तपात टळला. ही जबाबदारी त्यांना कोणत्याही परिपत्रकाने दिलेली नव्हती. एका शिक्षकाच्या धैर्यावर सारे काही अवलंबून राहावे, ही त्या दिवसाची सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे असे मला वाटते.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात जंगलांना भीषण वणवे लागले. विद्यापीठांशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण आजच्या आराखड्यांची भाषा तिथून आली आहे. तेव्हा अनेक गावांची आणि खात्यांची अग्निशमन दले एकत्र लढली, पण प्रत्येकाची हुकुमाची साखळी वेगळी, शब्द वेगळे, रेडिओच्या वारंवारिताही वेगळ्या. त्या अनुभवातून घटना नियंत्रण पद्धत तयार झाली. तिचा गाभा सोपा आहे: प्रत्येक घटनेला एक प्रमुख, त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, नियोजन, साधनसामग्री आणि हिशेब असे विभाग, आणि प्रत्येक माणसाचा वरिष्ठ एकच. २००४ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय पातळीवरची घटना व्यवस्थापन प्रणाली जाहीर केली तेव्हा हीच पद्धत तिच्या मध्यभागी होती. विद्यापीठांना ती पचवायला जड गेली. समित्या, परिषदा, चर्चा आणि मतैक्य यांवर चालणारी ही संस्था. तिथे संकटाच्या वेळी कुलगुरूंनी मागे थांबायचे आणि घटनास्थळाची सूत्रे सुरक्षा किंवा अग्निशमन अधिकाऱ्याकडे सोपवायची, ही कल्पनाच परकी होती.

मधल्या काळात एका वसतिगृहातल्या मृत्यूने कायदा घडवला. ५ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीचा तिच्याच खोलीत खून झाला. आपोआप बंद व्हायला हवेत असे दरवाजे येण्याजाण्याच्या सोयीसाठी उघडे अडकवून ठेवलेले होते. आवारातल्या गुन्ह्यांची माहिती विद्यार्थ्यांना आणि पालकांना मिळतच नाही, हे तिच्या आईवडिलांनी लावून धरले आणि १९९० मध्ये संघराज्याचा कायदा झाला. १९९८ पासून तो जीनच्याच नावाने ओळखला जातो. संघराज्याच्या विद्यार्थी अर्थसाहाय्य योजनांत सहभागी असलेल्या शिक्षणसंस्थांना त्याने दरवर्षी गुन्ह्यांचा अहवाल प्रसिद्ध करणे आणि धोका कायम असेल तर वेळेवर सावध करणे बंधनकारक केले. सुरक्षेची माहिती ही आतापर्यंत संस्थेची खासगी बाब होती. ती विद्यार्थ्याचा हक्क झाली.

पण ‘वेळेवर’ म्हणजे किती वेळात? हा प्रश्न १६ एप्रिल २००७ च्या सकाळी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात उभा राहिला. सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांनी तो व्यक्तिगत वैमनस्याचा प्रकार मानला आणि संशयित आवाराबाहेर गेला असावा असे धरून चालले. विद्यापीठाची धोरण समिती ८.२५ ला बसली. पहिला ईमेल सर्वांना गेला तो ९.२६ ला, आणि त्यातही गोळीबाराची घटना घडल्याचे मोघमच सांगितले होते. तोवर वर्ग नेहमीसारखे भरले होते. साधारण ९.४० ला नॉरिस हॉल या इमारतीत गोळीबार सुरू झाला. हल्लेखोराने बाहेरचे दरवाजे साखळ्यांनी आतून बांधून टाकले होते. त्या सकाळी एकूण ३२ जणांचा बळी गेला.

राज्यपालांनी नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल ऑगस्टमध्ये आला, आणि त्यातला एक मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. घटनास्थळी पोहोचलेल्या विद्यापीठ पोलिसांना सर्वांना इशारा पाठवण्याची सोयच नव्हती. इशारा जायचा तो वरिष्ठांच्या संमतीने. म्हणजे ज्याला धोका दिसत होता त्याच्या हाती भोंगा नव्हता, आणि ज्यांच्या हाती तो होता ते बैठकीत मजकूर ठरवत होते. त्या माणसांच्या हेतूंवर शंका घ्यायचे कारण नाही. रचनाच तशी होती. अहवालाने आणखी एक गोष्ट उघड केली. हल्लेखोर विद्यार्थ्याबद्दलची काळजी आधीच अनेकांच्या मनात होती: शिक्षकांच्या, वसतिगृहाच्या, पोलिसांच्या, समुपदेशन केंद्राच्या. पण गोपनीयतेच्या नियमांचा अर्थ गरजेपेक्षा कडक लावला गेल्याने हे तुकडे एकत्र आले नाहीत.

२००८ मध्ये क्लेरी कायद्यात बदल झाले. आरोग्याला किंवा सुरक्षेला तातडीचा धोका असल्याची खात्री होताच विनाविलंब सूचना देणे, ही सूचना पाठवण्याची जबाबदारी कोणावर आहे ते लेखी जाहीर करणे, आणि वर्षातून एकदा तरी व्यवस्थेची चाचणी घेणे आवश्यक ठरले. वसतिगृहांतील अग्निसुरक्षेचा वार्षिक अहवालही त्याच वेळी आला. त्यामागे न्यू जर्सीतील सेटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात जानेवारी २००० मध्ये लागलेल्या आगीसारख्या घटना होत्या. तिथे तीन विद्यार्थी दगावले. वारंवार वाजणाऱ्या खोट्या भोंग्यांमुळे कित्येकांनी सुरुवातीला धोका खरा मानलाच नव्हता. व्हर्जिनिया राज्याने २००८ मध्येच सरकारी विद्यापीठांत धोका मूल्यांकन गट सक्तीचे केले, म्हणजे शिक्षक, समुपदेशक, पोलीस आणि विद्यार्थी कल्याण अधिकारी आता एका टेबलाशी बसू लागले. अनेक ठिकाणी पहिला इशारा पाठवण्याचा अधिकार त्या क्षणी कामावर असलेल्या पोलीस पर्यवेक्षकाकडे गेला. कुलगुरूंना विचारायचे ते नंतर. कागदावर हा बदल एका ओळीचा आहे, पण तो व्हायला केंट स्टेटपासून जवळपास चार दशके लागली.

निसर्गाने शिकवलेले धडे याहून वेगळे आहेत, कारण त्यांत घड्याळ मिनिटांचे नसते. जून २००१ मधल्या ॲलिसन वादळाच्या पावसाने ह्यूस्टनच्या वैद्यकीय संकुलात पाणी शिरले आणि तळघरांत ठेवलेले हजारो प्रयोगप्राणी बुडून मेले; कित्येकांचे वर्षानुवर्षांचे संशोधन एका रात्रीत गेले. त्यानंतर प्राणी, नमुने आणि शीतकपाटे कोणत्या मजल्यावर ठेवायची, हाही आपत्कालीन आराखड्याचा विषय झाला. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समधील ट्यूलेन विद्यापीठ अख्खे सत्र बंद राहिले. देशभरातील विद्यापीठांनी तिथल्या विद्यार्थ्यांना सामावून घेतले आणि ट्यूलेन जानेवारी २००६ मध्ये पुन्हा उघडले. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ रोजी झालेल्या भूकंपानंतर कँटरबरी विद्यापीठाचे वर्ग तंबूंत भरले. तिथले विद्यार्थी मदतीची वाट पाहत बसले नाहीत. आदल्या सप्टेंबरातल्या भूकंपापासून संघटित झालेल्या त्यांच्या स्वयंसेवकांच्या फौजेने फावडी घेऊन शहराच्या रस्त्यांवरचा आणि अंगणांतला गाळ उपसला. विद्यार्थी म्हणजे फक्त वाचवायची माणसे, असे धरून लिहिलेल्या आराखड्यांत अशा मनुष्यबळासाठी रकानाच नव्हता.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत तर तक्त्यातले सगळेच हिशेब लांबले. ६ मार्चला सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने प्रत्यक्ष वर्ग थांबवण्याची घोषणा केली. १० मार्चला हार्वर्डने पदवीच्या विद्यार्थ्यांना पाच दिवसांत वसतिगृहे सोडायला सांगितले. आवार रिकामे करणे ही आराखड्यांतली जुनी, सरावाची कृती होती, पण ती आगीसाठी आणि वादळासाठी लिहिलेली होती. ज्यांच्या देशाच्या सीमा बंद झाल्या होत्या, ज्यांना परतायला घरच नव्हते, त्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे अर्धवट उघडी ठेवावी लागली, आणि त्यांच्या जेवणाची, विलगीकरणाची नि प्रकृतीची रोजची जबाबदारी मुख्यतः वसतिगृहाच्या आणि आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांवर आली.